गोटीरामच्या पाठीतली नळी

१

साहेब, तुम्ही खोटं बोललात. तेही कागदावर बोललात. तोंडचं खोटं वाऱ्यावर उडून जातं, कागदावरचं माणसाच्या मानेवर बसतं. तुम्ही पोट उघडून शिवलेला एक माणूस तुमच्याच वॉर्डात तीन दिवस तळमळला, सहाव्या दिवशी गेला, आणि खापर फोडलंत कोणावर? त्याचं कण्हणं ज्या एकीनं ऐकलं तिच्यावर. तुमचं नाव इथे लिहीत नाही. नाशकात तुमच्या इस्पितळाची पायरी चढलेल्याला ते सांगावं लागत नाही.

तर शुक्रवारी सकाळी सिस्टर सविता गांगुर्डे तळघरातल्या रेकॉर्डरूममध्ये आली आणि तिनं हातातला कागद दीपमाला पगारेच्या टेबलावर आपटला. रेकॉर्डरूम म्हणजे दीपमालाचं राज्य. बावीस वर्षं ती तिथे मेलेल्यांच्या आणि बरे झालेल्यांच्या फायली एकाच फडक्यानं पुसत होती.

"वाच, दीपाताई. मोठ्यानं वाच. मला वाचवत नाही."

दीपमालानं चष्मा लावला. 'रुग्ण गोटीराम भोये यांच्या पाठीत बसवलेली औषधाची नळी आपल्या निष्काळजीपणामुळे निघाली व ही बाब आपण लपवली. सोमवारी अकरा वाजता चौकशी समितीपुढे हजर राहावे. तोपर्यंत ड्युटीवर येऊ नये.' खाली साहेबांची सही, ठसठशीत.

"सिद्ध झालं तर नोकरी जाईल, आणि नर्स म्हणून नोंदणीही रद्द करतील," सविता म्हणाली. "नवऱ्याची अंबडची कंपनी दोन महिने बंद आहे. पण ते जाऊ दे गं. मी माणूस मारला, असं लिहिलंय यांनी."

"नळी निघाली होती का?"

"अगं, निघायला आधी असावी लागते ना! संध्याकाळी ऑपरेशन थेटरातून आला तेव्हा मी त्याला कुशीवर वळवला. पाठ कोरी. ना नळी, ना चिकटपट्टी. तीनदा फोन केला भूल देणाऱ्या शौनक सरांना. म्हणाले, असेल, नीट बघा. हे सगळं मी लिहिलंय. वेळ घालून लिहिलंय. काढ फाईल."

दीपमाला स्टुलावर चढली. भ च्या कप्प्यात भोयर होते, भोसले होते, भोये दोन होते. गोटीराम नव्हता. फायलीच्या जाडीएवढी फट तेवढी होती.

"सविता," ती स्टुलावरूनच म्हणाली, "फाईल चोरीला गेलीय."

२

सविताचा चेहरा उतरला. आता तिच्या बाजूनं बोलणारा एकही कागद उरला नव्हता. दीपमालाला मात्र राग आला. तिच्या कप्प्यातून तिला न विचारता फाईल उचलणं म्हणजे कोणी घरात शिरून देव्हाऱ्यातला देव न्यावा, तसं.

ती थेट दुसऱ्या मजल्यावर तनयकडे गेली. तनय म्हणजे इस्पितळात चाललेल्या अभ्यासाचे कागद सांभाळणारा तरुण, सदा लॅपटॉपमध्ये तोंड घातलेला.

"बाळा, तुमचा तो अभ्यास मला समजेल असा सांग. इंग्रजी झाडू नकोस."

"सोपं आहे, ताई. पोटाचं मोठं ऑपरेशन होणारे साठ पेशंट. भूल द्यायच्या दोन पद्धती. अर्ध्यांना नुसती पूर्ण भूल, आणि नंतर दुखलं की जोरकस इंजेक्शन. अर्ध्यांना पूर्ण भूल तर आहेच, पण झोपवण्याआधी पाठीच्या मणक्यांमधून बारीक नळी घालायची. तिच्यातून तीन दिवस बधिर करणारं औषध जातं. मग बघायचं, कोणाला कमी दुखतं, कोण लवकर उठून बसतं, कोणाला नीट खोकता येतं."

"खोकला कशाला हवा?"

"पोटाला टाके असले की दुखतं म्हणून माणूस खोकत नाही, खोल श्वास घेत नाही. मग छातीत कफ साचतो. त्यानंच जातात बरेच."

गोटीरामही त्यानंच गेला होता. 

"कोणाला कुठली पद्धत, हे कोण ठरवतं?"

"बंद पाकीट. ऑपरेशनच्या सकाळी फोडायचं. गोटीराम भोये अठ्ठावन्नावा. त्याच्या पाकिटात नळी निघाली."

"आणि नळीवाल्याला दुखलंच, तर ते जोरकस इंजेक्शन?"

"नाही देत. नियमच आहे. दोन्ही औषधं एकत्र झाली तर श्वास मंदावतो."

म्हणजे कागदावर नळी आहे म्हणून इंजेक्शन नाही. आणि पाठीत नळीच नसेल तर? तर माणसाला काहीच नाही. उभं चिरलेलं पोट आणि वर पंखा. 

तनयनं अभ्यासाचा फॉर्म दाखवला. मूळ फाईल गेली तरी याची प्रत त्याच्याकडे होती. नळी घातली, वेळ नऊ वीस. पेशंट बसलेला. प्रयत्न एक. सुई किती आत, औषध किती, कोणी घातली, सगळं. नळीच्या पाकिटावरचं लेबलसुद्धा काढून चिकटवलेलं. अकरा रकाने आणि अकराही भरलेले. खाली डॉक्टर शौनकची सही.

"इतका नीट फॉर्म आख्ख्या अभ्यासात दुसरा नाही," तनय हसत म्हणाला. "एरवी मला दहा वेळा मागे लागावं लागतं. कुठे वेळ नाही, कुठे सही नाही."

"हा कधी आला तुझ्याकडे?"

तनयचं हसू मावळलं. "पेशंट गेल्यावर. दुसऱ्या दिवशी."

३

शनिवारी गोटीरामची बायको कुसाबाई मृत्यूच्या दाखल्यासाठी आली. सुरगाण्याकडच्या पाड्यावरून पहाटेची एसटी धरून, जुन्या सीबीएस स्टँडवरून चालत. दाराशी उभं राहून तिनं असा काही आवाज दिला की दीपमालाच्या हातातलं पेन पडलं.

"बाई! कागुद हितंच मिळतो का?"

"अहो हळू बोला, इस्पितळ आहे."

"काय करू बाई, खोड लागली," कुसाबाई तेवढ्याच मोठ्यानं म्हणाली. "तीस वरसं याच्यासंगं वरडून बोलले. विहिरीवर सुरुंग लावायचा ना तो. कान गेले दोन्ही. ढोल वाजवला तरी मान वळायची नाय. आता ऐकणारा नाय, तरी वरडतेच."

आणि ती हसली. हसता हसता पदर तोंडाला लावून खाली बसली. दीपमालानं तिच्यापुढे पाण्याची बाटली सरकवली.

"त्या रात्री तुम्ही जवळ होतात?"

"तिन्ही रात्री. माझा हात धरून ठेवला त्यानं. हितं बघ." तिच्या मनगटावर अजून काळंनिळं होतं. "लय दुखत हुतं त्याला. ती नर्सबाई, ती गोरीगोमटी, लय धावली. फोनवर भांडली. म्हणं, इंजेक्शन द्या त्याला. कोणी देईना. शेवटी ती माझ्याजवळ बसून रडली. नर्स रडते व्हय कधी? मी म्हणलं, पोरी, तू नको रडू."

"पाठीला नळी होती का हो त्यांच्या?"

"पाठ मी रोज पुसली. गेल्यावर धुतली. काय नव्हतं."

ही साक्ष मोठी होती, पण दीपमालाला समिती ठाऊक होती. म्हणतील, नळी पहिल्या संध्याकाळीच निघाली, मग बायकोला दिसणार कुठून? सुईची खूण सहा दिवसांत बुजते. नाही, वॉर्डात काय दिसलं यानं भागणार नव्हतं. थेटरात काय घडलं ते शोधायला हवं होतं.

४

डॉक्टर शौनक कँटीनमध्ये सापडला. अठ्ठावीस वर्षांचा, गालावर वाढलेली दाढी, समोर थंड झालेला साबुदाणा वडा.

"दीपाताई, मी जे आहे ते लिहिलंय."

"लिहिलंय ते वाचलं मी. तोंडानं सांगा की. मला आपली उत्सुकता."

"सकाळी पाकीट फोडलं. पेशंटला टेबलावर बसवलं. म्हटलं, बाबा, पाठ बाहेर काढा, हनुवटी छातीला लावा, हलू नका. लगेच ऐकलं त्यांनी. एका टोच्यात नळी गेली."

"लगेच ऐकलं?"

"हो. शहाणा पेशंट होता."

"साहेब होते तेव्हा?"

वड्याचा तुकडा शौनकच्या बोटांत चुरला. "साहेब नंतर आले. त्यांना दुपारी पुण्याला परिषदेला जायचं होतं. आमच्या विभागाच्या इंदिरा मॅडम आदल्या दिवशीच तिकडे गेल्या होत्या. त्यामुळे भुलेचं सगळं मीच बघत होतो. चार दिवस मी एकटा होतो, ताई."

शेवटचं वाक्य त्यानं इतक्या बारीक आवाजात म्हटलं की दीपमालाला त्याची कीव आली. पण कीव आली म्हणून खोटं खरं होत नाही. ढोलाला मान न वळवणाऱ्या माणसानं हनुवटीबद्दलचं भाषण लगेच ऐकलं म्हणे! गोटीरामशी हा मुलगा त्या सकाळी एक शब्द तरी बोलला होता का?

तरी तेवढ्यानं भागत नव्हतं. 'खुणेनं सांगितलं' म्हणाला की सुटला. दीपमाला पायऱ्या चढून ऑपरेशन थिएटरच्या मागच्या दारी गेली.

५

तिथे वत्सलाबाई हिरव्या कपड्यांच्या घड्या घालत होती. पेठ तालुक्यातली, साठीला टेकलेली, तीस वर्षं थेटरात मावशी. डॉक्टर येतात, जातात, मोठे होतात. मावशी तिथेच.

"मावशी, पाठीत नळी घालताना पेशंट हलला तर?"

"हलू दिला तर हलंल ना. मी कशाला हाय? बस हितं."

तिनं दीपमालाला स्टुलावर बसवलं, समोर उभी राहिली, एक हात मानेमागे, एक हात गुडघ्यांवर घातला आणि तिला घडीसारखी दुमडून तिचं कपाळ आपल्या खांद्यावर घेतलं. फिनेल आणि तंबाखूचा वास आला. आणि नवल म्हणजे, दीपमालाला एकदम बरं वाटलं.

"असं. मागं डॉक्टर सुई घालतो, त्याचे दोन्ही हात गुंतलेले. पुढं मी. निजवून घातली तरी धरावं लागतंच. बहुतेक रडतात. पुरुष जास्त. मिशावाले तर इचारू नको! माझ्या गाऊनचा हा खांदा आधी इरतो बघ."

"धरणारं दुसरं कोणी नसतं?"

"सिस्टर हात धुऊन मोजे घालून उभी, तिनं पेशंटला शिवायचं नाय. वॉर्डाचा पोरगा ट्रॉली घेऊन परत गेलेला. मीच."

"गोटीराम भोयेला धरलंत?"

वत्सलाबाईचे हात घडीवरच थांबले. तिनं आधी दाराकडे पाहिलं.

"बहिरा ना तो? मी शेजारच्या थेटरात एका बाईला धरून हुते. शौनक सरनी हाक दिली, मावशी, या लवकर. मी म्हणलं, पाच मिंटं. पाच मिंटांनी गेले तर माणूस झोपलेला. तोंडात श्वासाची नळी. पाठीखाली चादर. नळीचं पाकीट फोडून नुसतंच ट्रेमधी पडलेलं. साहेब हात धूत हुते. मला म्हणले, जा, तुझं काम नाय."

 पाकीट फुटलं होतं, म्हणून लेबल होतं. नळी मात्र ट्रेमधून कचऱ्यात गेली.

"मावशी, हे कोणाला सांगितलं का नाही?"

"इचारलंय कोणी मला?" वत्सलाबाई फणकारली. "चौकशीत सगळ्यांना बोलावलं. डॉक्टरला, सिस्टरला, लिफ्टवाल्यालासुदीक. मावशी म्हंजे काय, भिंत! अन् मी ठेक्यावरची हाय बाई. एक फोन, की मी घरी."

दीपमाला जिना उतरताना अकरा रकाने डोळ्यांपुढे आणत होती. खोटं रचणाऱ्यानं वेळ रचली, सुई रचली, औषध रचलं. रचायचं राहून गेलं ते एकच. पेशंटला धरलं कोणी, हा रकानाच फॉर्मवर नाही. ज्यांनी फॉर्म केला आणि ज्यांनी तो भरला, त्या कोणाच्याच हिशेबात ती बाई माणूस म्हणून नव्हती.

पण फाईल? फाईल कोणाकडे?

६

रविवारी दुपारी दीपमालानं इंदिरा मॅडमच्या घराची बेल वाजवली. मॅडम भूल विभागाच्या प्रमुख. अभ्यास त्यांचा, पुढच्या महिन्यात हैदराबादच्या परिषदेत तो वाचणारही त्याच. सगळं इस्पितळ कुजबुजत होतं की अभ्यास वाचवायला सविताला बळी देण्याचं हे पाप मॅडमचंच.

"मॅडम, फाईल तुमच्याकडे आहे," दीपमालानं चपला काढता काढताच सांगितलं.

"काय पुरावा?"

"पुरावा नाही. डोकं आहे. ज्यानं खोटं लिहिलं, त्याला फाईल जागेवर हवी होती. खोटा फॉर्म तिच्यातच होता ना! त्याला नको होतं ते फक्त सविताचं पान. एक पान फाडायला कितीसा वेळ लागतो? अख्खी फाईल नेतो तो पान फाडायला नेत नाही, मॅडम. वाचवायला नेतो. सविताला ते पान वाचवायचं असतं, पण ती तर माझ्याकडे फाईल मागायला आली. मग उरलं कोण, ज्याला रुग्णाच्या दुखण्याचे आकडे वाचून कळतात?"

इंदिरा मॅडम दारातून बाजूला झाल्या. म्हणाल्या, "आत या."

त्यांनी चहा केला नाही, की पाणी विचारलं नाही. समोर बसल्या आणि हात मांडीवर ठेवले.

"पुण्याहून आले आणि फाईल वाचली. दहापैकी नऊ दुखतंय. पुन्हा नऊ. पुन्हा दहा. नळी घातलेल्याला पहिल्याच रात्री नऊ? वीस वर्षं मी भूल देतेय, दीपमालाबाई. नळी निसटली तरी आधीचं औषध काही तास पुरतं. हा पेशंट शुद्धीवर आल्या क्षणापासून ओरडतोय."

"मग बोलला का नाहीत?"

"साहेब म्हणाले, सिस्टरच्या हातून निघाली." मॅडमनी चष्मा काढला. "आणि ते मानणं मला सोपं होतं. एवढंच. गंमत बघा, या पेशंटला ठरलेली पद्धत देता आली नाही, असं सरळ लिहिलं असतं तरी अभ्यास मोडत नव्हता. तशी सोय असते. शौनकनं दुसऱ्या मिनिटाला त्याला इंजेक्शन लिहून दिलं असतं, आणि तो माणूस..."



"उद्या अकरा वाजता," दीपमाला उठली.

"मी येईनच, असं सांगत नाही," मॅडम म्हणाल्या.

७

सोमवारी अकराला लांब टेबलाच्या टोकाला साहेब बसले. डाव्या हाताला समितीचे दोघे, उजव्या हाताला शौनक आणि तनय. सविता उभी. तिला खुर्ची दिलीच नव्हती. इंदिरा मॅडमची खुर्ची रिकामी.

"रेकॉर्डरूमचं इथे काय काम?" साहेबांनी दीपमालाला पाहून विचारलं.

"फाईल हरवलीय, साहेब. माझ्या ताब्यातली. म्हणून आले. एकच प्रश्न विचारते आणि जाते." परवानगीची वाट न बघता ती शौनककडे वळली. "डॉक्टर, नळी घालताना गोटीरामला समोरून धरलं कोणी?"

शौनकनं साहेबांकडे पाहिलं. "मावशी असतात ना."

"कुठल्या मावशी?"

"त्या... नेहमीच्या."

"नाव?"

नाव त्याला येत नव्हतं. दोन वर्षं त्याच्या प्रत्येक सुईसमोर उभ्या राहिलेल्या बाईचं नाव त्याला माहीत नव्हतं. दीपमालानं दार उघडलं. बाहेर वत्सलाबाई धुतलेलं लुगडं नेसून उभी होती. ती आत आली.

"वत्सलाबाई माझं नाव. मी नाय धरला त्याला. मी गेले तवा तो झोपला हुता."

"ठेक्यावरच्या बाईचं काय ऐकता!" साहेब कडाडले.

"मग दुसरं नाव सांगा," दीपमाला म्हणाली. "सिस्टर मोजे घालून उभी. पोरगा ट्रॉली घेऊन गेलेला. तुम्ही नंतर आलात, असं डॉक्टर स्वतः म्हणाले. बहिऱ्या माणसाच्या मागेही शौनक सर आणि पुढेही शौनक सर? त्यांना चार हात आहेत का? नळी वॉर्डात निघाली नाही. ती घातलीच नव्हती."

शौनकनं दोन्ही हातांत तोंड लपवलं.

"मी थांबलो होतो मावशींसाठी," त्याचा आवाज बोटांमधून आला. "साहेब म्हणाले, एका मावशीची वाट बघत बसायचं का, मला दोनला निघायचंय, झोपव. मी झोपवलं. रात्री सिस्टरचा फोन आला, तेव्हा... इंजेक्शन लिहिलं असतं तर नळी नव्हती हे उघड झालं असतं. म्हटलं, साहेब आल्यावर विचारू. ते चार दिवसांनी आले. पेशंट गेल्यावर म्हणाले, फॉर्म पूर्ण कर."

तेवढ्यात दार पुन्हा उघडलं. इंदिरा मॅडम आत आल्या, काखेतली फाईल टेबलावर ठेवली, सविताचं पान उघडलं आणि समितीसमोर सरकवलं. 'पाठीत नळी नाही. डॉक्टरांना कळवले. सात दहा. पुन्हा कळवले. आठ पंचवीस. पुन्हा कळवले. दहा पाच. रुग्ण रडत आहे.'

"माझ्या अभ्यासातून हा पेशंट लपवायचा नाही," त्या म्हणाल्या. "आणि मी गप्प बसले, तेही लिहून घ्या."

 साहेबांनी घसा साफ केला. खुर्चीवरची माणसं फार लवकर सावरतात. त्यांनी एक कोरा कागद ओढला, दोन ओळी खरडल्या आणि सवितापुढे टाकल्या.

"ठीक आहे. सिस्टर गांगुर्डे यांच्यावरील आरोप सिद्ध होत नाही. उद्यापासून ड्युटीवर या. इथे सही करा. विषय संपला."

सवितानं कागद वाचला. नोकरी परत मिळत होती. नोंदणी वाचत होती. दीपमालानं नकळत मान हलवली, कर बाई, सही कर.

सवितानं कागद उलटा फिरवून साहेबांकडे ढकलला.

"सिद्ध होत नाही म्हणजे काय, साहेब? म्हणजे मी केलंही असेल, पण सापडले नाही, असंच ना? हा कागद उद्या माझ्या फायलीत राहणार. हेही खोटंच. आरोप खोटा होता, असं लिहा. गोटीराम भोयेला नळी नव्हती आणि इंजेक्शनही नव्हतं, असं लिहा. कोणाच्या हुकमानं नव्हतं, त्याचं नाव लिहा. बाहेर बाकावर कुसाबाई बसलीय. तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवणार आहे." तिनं टेबलावरचं पेन उचलून त्यांच्यापुढे धरलं. 

"लिहिताय का, साहेब?"